नावाचा पुठ्ठा

तुझा व्हिसा रद्द करायला गेलो तेव्हा
खिडकीतल्या पोरानं विचारलं,
“मॅडम परत येणार आहेत का?”
सवयीचा प्रश्न. फॉर्मवर तसा रकानाच होता.
मी म्हटलं, “बघू.”
मग त्यानं दाखला वाचला, उठून उभा राहिला,
मला खुर्ची दिली, पाणी दिलं.
तू असतीस तर त्याचं गाव विचारलं असतंस.

घरी चार पासपोर्ट आहेत तुझे, रबरात बांधलेले.
पहिल्यातली तू एकोणीस वर्षांची,
मिरजेच्या स्टुडिओत दिव्याला दचकलेली.
मग मोंबासा, बसरा, कुवेत,
आणि शेवटी हे मनामा, गुदैबियातला तिसरा मजला.
माझी बदली होईल तिकडे प्रमोदिनी जाते
असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो.
खरं तर मी जायचो बंदरावर, क्रेनखाली,
आणि संध्याकाळी परतेपर्यंत
तू त्या गावची झालेली असायचीस.
बसऱ्यात खजूरवाल्याच्या सुनेचं बाळंतपण
कुठल्या भाषेत केलंस, मला अजून कळलेलं नाही.

कुवेत सोडलं त्या ऑगस्टात
माणशी एक बॅग, म्हणाले.
मी सर्टिफिकिटं घेतली.
तू पोरींचे स्वेटर, भर ऑगस्टात,
आणि शुक्रवारच्या मराठी वर्गाचा हजेरीपट.
अम्मानच्या वाटेवर बस बंद पडली
तेव्हा तो उघडून हजेरी घेतलीस.
सतरांपैकी चौघं होती बसमध्ये.
बाकीच्यांचीही नावं घेतलीस,
प्रत्येक नावानंतर जराशी थांबून.
मला राग आला होता तेव्हा. आज सांगतो.

इथं तू सगळ्यांची पमाकाकू.
कुणाचा पगार अडकलेला,
कुणाचा पासपोर्ट शेठच्या कपाटात,
कुणी सलमानियात, कुणी त्याच्याही पुढं गेलेला
आणि एका सहीसाठी शवागारात खोळंबलेला.
तू निघायचीस,
पर्समध्ये झेरॉक्स, डब्यात मऊभात.
पोरी म्हणायच्या, आमची आई म्हणजे टॅक्सी,
रिकामी कधी सापडत नाही.
हसायचीस.
एकदा मध्यरात्री मात्र म्हणालीस,
“धाकटीच्या गॅदरिंगला मी नव्हते, ना?”
नव्हतीस. तिला आठवतं.
तेही लिहून ठेवतो.

मला पेटीतून पाठवू नका, म्हणालीस,
पेट्या फार रवाना केल्यात मी.
म्हणून इथंच.
त्या दिवशी उम्म खलील जिन्यात होती,
वाकून, गुडघ्यावर हात ठेवून,
दाराबाहेरच्या पन्नास जोड्यांतून
तुझ्या चपला शोधून
एका बाजूला नीट लावत होती.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी फोन.
“काकू आहेत? माझा भाचा येतोय उद्या पहाटे,
पहिल्यांदाच विमानात बसतोय...”
त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही.
कपाटामागून तुझा पुठ्ठा काढला,
वॉशिंग मशीनच्या खोक्याचा,
नावावर नाव चिकटवून बोटभर जाड झालेला.
कोपरा सोलून पाहिला.
शिवराम आंगणे. त्याखाली लतीफ परकार.
त्याखाली कुणी सिस्टर थेरेसा.
त्याखाली नुसतं “र”, तुझं, ओळीखाली घसरलेलं.
पुढं सोललं नाही.
नवा कागद डकवला, तानाजी घेवडे,
अक्षर कोंबडीच्या पायाचं.

विमान दोन तास उशिरा.
पोरगा निळी बॅग छातीशी धरून
एकेक पाटी वाचत आला, माझ्यापुढं थांबला.
“पमाकाकू?” म्हणाला, आणि ओशाळला.
मी म्हटलं, “चल. काही खाल्लंस का?”

गाडीत बसल्यावर आठवलं,
तेव्हा त्याचं गाव विचारलं.
मुहर्रकचा पूल संपेपर्यंत तो सांगत होता,
विहीर, म्हशी, कुठलीशी पाटाची भांडणं.
मला अर्धंच ऐकू आलं.
तुझ्या बाजूच्या खिडकीची काच
अजून पूर्ण वर जात नाही.